चौऱ्याहत्तर अंशांचा थर्मोस्टॅट

कोलकात्यात बेहालाला आमचं दुकान आहे; तिथे येणारी माणसं नमस्कार करत बसत नाहीत. पायरीवरूनच सांगतात, "दीदी, गाडी उकळते." मी वही उघडते आणि विचारते, "चालताना उकळते की उभी असताना?" या एका प्रश्नात निम्मं निदान होतं, पण गिऱ्हाइकांना तो आवडत नाही. दीदीने बॉनेट उघडावं, गंभीरपणे मान हलवावी आणि मग बोलावं, अशी त्यांची अपेक्षा असते. मान हलवायचं काम आमच्याकडे निताई करतो.

दुकान वडिलांचं. ते साताऱ्याहून नोकरीसाठी कोलकात्यात आले, काही वर्षांनी नोकरी सोडली आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. घरात मराठी, दुकानात बांगला, पुरवठादारांशी हिंदी, असा कारभार तेव्हा सुरू झाला तो अजून चालू आहे. नव्या गाड्यांचे भाग आता कुठेही मिळतात, म्हणून मी गेली वीसेक वर्षं फक्त जुन्या गाड्यांचं पाणी धरलं आहे. रेडिएटर, पंप, पंख्याचा पट्टा, रबरी होज आणि थर्मोस्टॅट. निताई माझा भागीदार आणि मिस्त्री. हात त्याचे, वह्या माझ्या. वह्या अकरा आहेत, आणि कुठल्या गाडीला कुठला भाग बसतो ते त्यांत रकाने पाडून लिहिलेलं आहे. निताई गिऱ्हाइकांना सांगतो, "दीदी वर गेली की आधी तिथल्या सगळ्यांची हजेरी घेणार."

थर्मोस्टॅट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इंजिनाभोवती पाणी खेळतं. ते तापतं, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. पण सकाळी इंजिन गार असताना पाणी निववून काय करायचं? इंजिनाला आधी अंगात ऊब यायला हवी, नाहीतर पेट्रोल जास्त जातं आणि तेलाचा चिखल होतो. म्हणून इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर फुचक्याच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीच्या, पुरीएवढी एक झडप बसवलेली असते. तिच्या पोटात मेण असतं. पाणी ठरलेल्या अंशाला पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. कुठली चौऱ्याहत्तरला उघडते, कुठली ब्याऐंशीला, कुठली अठ्ठ्याऐंशीला. फार जुन्या झडपांत मेणाऐवजी पितळेचा छोटा भाता असायचा. बस, एवढंच यंत्र. पण ते निवडताना शहाणी माणसं काय काय बोलतात त्याची मी वेगळी वही ठेवायला हवी होती.

कुलकर्णी साहेबांचंच घ्या. बँकेतल्या बदलीवर पुण्याहून आले होते, राहायला सॉल्ट लेकला. वडिलांची जुनी गाडी ट्रकवर घालून बरोबर आणली होती. दुकानात पाच मिनिटं हिंदीत झगडले. मी बाजूला होऊन स्वतःशीच "अगं बाई" म्हणाले ते त्यांनी ऐकलं.

"तुम्ही मराठी?"

"हो."

"अहो ताई, मग आधी सांगायचंत. मी केव्हाचा पानी का दबाव, पानी का दबाव करतोय. बरं, मला सगळ्यात थंड थर्मोस्टॅट द्या."

"सगळ्यात थंड म्हणजे?"

"सर्वात कमी आकड्याचा. साठचा आहे?"

"साहेब, त्यावरचा आकडा म्हणजे दार उघडायची वेळ. दार लवकर उघडलं म्हणून घर गार होत नाही. बाहेर वारा हवा."

"वारा म्हणजे काय?"

"तुमचा रेडिएटर. तो चिखलाने बुजलाय. आधी तो साफ करू."

साफ केला. चौऱ्याहत्तरचा थर्मोस्टॅट बसवला. साहेब खूश होऊन गेले, दिवाळीला चकल्या पाठवल्या, आणि मग कधी आले नाहीत. बदली झाली असेल असं मी धरून चालले.

आता गांगुली माशिमा, म्हणजे मावशी. वय शहात्तर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. गाडी विलायती, दोन दारांची, दुधावरच्या सायीच्या रंगाची, त्यांच्या यजमानांनी जुनीच घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माशिमांनी बजावलं आहे की गाडीची बदनामी व्हायला नको. वसुधा हे माझं नाव त्यांच्या तोंडी बसुधा होतं. त्या आल्या तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नेमकं उत्तर मिळालं.

"बसुधा, चालताना ठीक असते. उभी राहिली की पंधराव्या मिनिटाला उकळते. पंधराव्या, चौदाव्या नाही. मी घड्याळ लावलं आहे."

दर शनिवारी त्या तीन मैत्रिणींना घेऊन गार्डन रीचला जात. चौथी मैत्रीण तिथे नदीकाठी राहते. तिच्या पायांत बळ उरलं नाही, घराबाहेर पडणं बंद. म्हणून हे गाणारं मंडळ तिच्याकडे जातं. बेहालाहून तिथे जायचं तर बंदराच्या रस्त्याने जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली की अर्धा-पाऊण तास हलायला नको. गाडी दोनदा तिथेच उकळली होती. एकदा तर एका ट्रेलरवाल्याने आपल्या पिण्याच्या पाण्याचा डबा रेडिएटरमध्ये ओतला.

माशिमांचा मुलगा टुबाई सेक्टर फाइव्हच्या एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पन्नाशीचा, शांत, आईच्या काळजीने पोखरलेला. तो त्यांच्यासोबत आला होता. म्हणाला, "दीदी, माझी आईशी बोली झाली आहे. आता एकदा जरी रस्त्यात उकळली तर चावी माझ्याकडे. या वयात त्या ट्रेलरांच्या मध्ये वाफेत उभं राहायचं म्हणजे काय?"

"उकळणार नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"लिहून देते."

खरंच लिहून दिलं. कारण माझ्या यादीत अकरा गोष्टी होत्या आणि अकराही आम्ही तपासल्या. शेवटची गोष्ट थर्मोस्टॅट. तो नव्हताच. यात नवल काही नाही. आमच्या शहरातल्या जुन्या मिस्त्रींची ही पद्धतच होती. गाडी हाती आली की थर्मोस्टॅट उपटून टाकायचा. ही थंड देशातली वस्तू, आपल्याकडे ऊन काय कमी आहे, असा त्यामागचा विचार. वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या त्या जातीच्या एकाही गाडीत मूळ थर्मोस्टॅट शिल्लक नव्हता. मी वही उघडली. व्यास चोपन्न मिलिमीटर, उष्ण प्रदेशासाठी चौऱ्याहत्तर अंश, काठाची जाडी अमुक. कपाटातून काढला, निताईने बसवला, शिवाय डॅशखाली तापमानाचं घड्याळ लावून दिलं.

पुढच्याच शनिवारी गाडी उकळली. या वेळी बाराव्या मिनिटाला.

सोमवारी माशिमांचा फोन आला. "बसुधा, चावी गेली."

"हरवली?"

"सॉल्ट लेकला गेली. टुबाईच्या कपाटात. लग्नांना जुन्या गाड्या भाड्याने देणारा कुणी आहे, त्याच्याशी तो बोलतो आहे." मग म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नसेल. म्हातारी झाली आहे ती." गाडीबद्दल बोलत होत्या.

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी टुबाईला फोन केला आणि म्हटलं, चूक माझी आहे, कुठली ते अजून माहीत नाही, पण माझी आहे. एक संधी द्या. तो म्हणाला, "एक शनिवार. मी स्वतः गाडीत बसणार. वाफ दिसली की विषय संपला."

गाडी दुकानात आली. निताईने ती उभ्या उभ्या चालू ठेवली आणि आम्ही बघत बसलो. काटा चढत गेला. तो लाल रेषेला टेकायला आला तसा मी रेडिएटरच्या खालच्या भागाला हात लावला. कोमट. म्हणजे इंजिन पेटलंय, आणि पाणी निवायच्या ठिकाणी जातच नाही.

"थर्मोस्टॅट अडकला," निताई म्हणाला.

तो काढून मी घरी नेला, दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला आणि शेजारी थर्मामीटर धरला. बरोबर चौऱ्याहत्तरला उघडला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "यात आता चहा करायचा नाही, एवढं तुझ्या यादीत लिही." पातेलं दुकानाचं झालं. पण थर्मोस्टॅट निर्दोष होता, आणि तीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी निताई टॉर्च घेऊन इंजिनावर ओणवा झाला. जिथे थर्मोस्टॅट बसतो त्या भांड्याच्या आतल्या भिंतीत त्याला एक चीर दिसली.

"दीदी, हे भोक कशाला?"

मला माहीत होतं आणि मी त्याचा कधी विचार केला नव्हता. झडप बंद असताना पाण्याला इंजिनातल्या इंजिनात फिरायला एक आडवाट ठेवलेली असते, तीच ही. प्रश्न असा की, झडप उघडल्यावर ही आडवाट बंद कोण करतं? ती उघडीच राहिली तर पाणी लांबचा रस्ता कशाला धरेल? इथूनच वळून परत इंजिनात शिरणार. गाडी पळत असताना पंप जोरात असतो, थोडं पाणी तरी रेडिएटरला पोचतं. उभ्या गाडीत तेही नाही.

याचं उत्तर मूळ थर्मोस्टॅट बघितल्याशिवाय मिळणार नव्हतं. माशिमांना विचारलं, पूर्वी गाडी कोण बघायचं? त्या म्हणाल्या, "सत्तार मिस्त्री. आता नातवाकडे असतो, गार्डन रीचलाच. ऐकू कमी येतं, पण टोमणे अजून नीट मारतो."

सत्तारचाचा खाटेवर बसून पेरू कापत होते. मी कशासाठी आले ते निताईने त्यांच्या कानाशी सांगितलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "थर्मोस्टॅट? बेटी, तो विलायतेत लागतो. तिथे माणसंसुद्धा गरम करावी लागतात."

"चाचा, गांगुलीबाबूंच्या गाडीतला काढला होता?"

"मी सगळ्यांच्या गाड्यांतले काढले."

"टाकून दिलेत?"

"तांब्या-पितळेची वस्तू टाकतात का?" त्यांनी खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत जाड तार होती आणि तिच्यात थर्मोस्टॅट ओवलेले होते, देवळातल्या घंटांसारखे एकमेकांवर वाजणारे. पन्नासेक असतील. भंगारवाल्याला द्यायचं दरवर्षी ठरवलं आणि दिलं नाही, असं ते म्हणाले. गाड्या त्यांना बोटांनी आठवत होत्या. हा डॉक्टरांचा, हा जहाजाच्या कप्तानाचा, हा त्या वकिलाचा, जो कधी वेळेवर आला नाही. मग एका ठिकाणी बोट थांबलं. "हा गांगुलीबाबूंचा."

मी तो हातात घेतला आणि मला सगळं कळलं. खाली एक पितळी बांगडी होती. झडप वर उचलली की ही बांगडीही वर सरकणार आणि बरोबर त्या चिरेसमोर येऊन आडवाट बंद करणार. आकडा तोच चौऱ्याहत्तर, व्यास तोच चोपन्न. फक्त बांगडी. माझ्या वहीत व्यास होता, अंश होते, जाडी होती. बांगडीचा रकाना नव्हता. कारण मी ती वही बाजारात मिळणाऱ्या नव्या मालावरून भरली होती. मूळ वस्तू मी कधी पाहिलीच नव्हती, कारण ती या तारेवर होती.

मी चाचांना ती चीर कागदावर काढून दाखवली. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. पेरूची फोड हातातच राहिली.

"म्हणजे हा काढल्यावर मी ते भोक बुजवायला हवं होतं."

"हो."

"आणि तू नवा घातलास तो बिनबांगडीचा."

"हो."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, "तुझी चूक नवी आहे, माझी चाळीस वर्षांची." आणि ते इतके हसले की नातसून आतून बघायला आली.

तो जुना थर्मोस्टॅट मी पातेल्यात उकळून पाहिला. नव्वदलाही ढिम्म. आतला भाता केव्हाच फुटला होता. मग बेहालातल्या एका लेथवाल्याकडून पितळेची नवी बांगडी कातून घेतली आणि नव्या मेणाच्या थर्मोस्टॅटखाली बसवली. पहिली बांगडी एका मिलिमीटरने उंच झाली आणि भांड्याच्या कडेला अडकली. दुसरी चपखल बसली. निताई आणि मी पातेल्यावर वाकून बघत राहिलो: चौऱ्याहत्तरला झडप हलली, बांगडी सरसर वर आली. निताई म्हणाला, "दीदी, एखाद्या बाईने साडी सावरावी तशी." मी ते वहीत लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं.

मधल्या दिवसांत मी एक नावडतं काम उरकलं. माझ्या वहीवरून त्याच जातीच्या इंजिनासाठी बिनबांगडीचा थर्मोस्टॅट मी कुणाकुणाला दिला त्यांची यादी काढली. सात नावं निघाली. सगळ्यांना फोन केले. सहा जण हसले, त्यांतल्या दोघांनी त्याच आठवड्यात गाड्या आणल्या. सातवं नाव कुलकर्णी साहेबांचं. ते नागपूरला होते.

"अहो ताई, कोलकाता सोडून दोन वर्षं झाली की."

"साहेब, गाडी कशी आहे?"

"गाडी नाही आता. फार उकळायची हो. तुम्ही एवढं सगळं करूनही उकळायची, तेव्हा म्हटलं, आता हिचं काही खरं नाही. तिथेच देऊन टाकली. बाबांची होती, पण काय करणार."

मी त्यांना बांगडीचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"म्हणजे ती दुरुस्त होण्यासारखी होती."

"हो. चूक माझ्या वहीत होती."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. आवाज बरं झाल्यासारखा नव्हता. त्यांची गाडी कुणाकडे गेली याचा माग मी काढला. दुसऱ्या हातापर्यंत पोचले, तिथून पुढे ती भंगारात गेली होती. ते मी त्यांना कळवलं नाही. हा लेख त्यांनी वाचला तर त्यांना कळेल, आणि मला तेही चालेल.

आता तो शनिवार. मे महिना, घामाने कपडे अंगाला चिकटलेले. माशिमा स्टिअरिंगवर, शेजारी टुबाई, मागे तिन्ही मैत्रिणी दाटीवाटीने, त्यांतल्या एकीच्या मांडीवर हार्मोनियम. मागून निताईच्या स्कूटरवर मी. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग आमची वाट बघत असल्यासारखी उभी होती. थांबलो. पाच मिनिटं. दहा. मला पुढच्या गाडीचं फक्त मागचं अंग दिसत होतं आणि आतून गाण्याचा तुकडा ऐकू येत होता, तोच तोच, कुणीतरी अंतऱ्यात चुकत होतं.

बाराव्या मिनिटाला मी स्कूटरवरून उतरले आणि चालत खिडकीशी गेले. टुबाई दर मिनिटाला फोनवर तापमानाच्या घड्याळाचा फोटो काढत होता. हा माणूस मला तिथे पहिल्यांदा आवडला.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी. मगाशी पंच्याऐंशी होता."

"चढू दे. वर जाऊन थांबेल."

"कुठे थांबेल?"

"ते तोच सांगेल."

पंधरावं मिनिट. "नव्वद," टुबाई म्हणाला. सतरावं. "ब्याण्णव." त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला तयार नव्हता. मागून आवाज आला, "बाबा, आकडे मनात म्हण, आमची पट्टी जाते." माशिमांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि समोरच्या कंटेनरकडे बघत होत्या. काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

विसाव्या मिनिटाला ब्याण्णव. पंचविसाव्या मिनिटाला ब्याण्णव. मी पुढे जाऊन बॉनेटच्या बाजूने वाकून रेडिएटरच्या खालच्या भागाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला. इतका आनंदाचा चटका मला कधी बसला नव्हता. पाणी त्याच्या वाटेने जात होतं. निताईला बोट दाखवलं तर त्याने गंभीरपणे मान हलवली, गिऱ्हाइकासमोर हलवतो तशी.

अडतीस मिनिटांनी रांग हलली. गाडी चालू लागली तसा काटा खाली आला.

नदीकाठच्या त्या घराच्या फाटकात चौथी मैत्रीण चाकांच्या खुर्चीत बसून होती. "इतका उशीर," ती म्हणाली, "मी दोनदा चहा उकळला."

"तू उकळलास, आम्ही नाही उकळलो," माशिमा उतरल्या आणि चावी काढून आपल्या पर्समध्ये टाकली. टुबाई बघत होता. त्याने हात पुढे केला नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या बायका खरंच छान गातात. दोन तासांनी सगळे परत निघाले. तेव्हा टुबाई दाराशी घुटमळला, आणि दहावीच्या मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "मा, जाताना मी चालवू?"

"डबल क्लच येतो?"

"नाही."

"क्लच दोनदा दाबल्याशिवाय ही गाडी दुसऱ्या गिअरला ऐकत नाही. मागे बस. पुढच्या शनिवारी एक तास आधी ये, मैदानाच्या बाजूला शिकवते." मग त्यांनी मैत्रिणीच्या हातातला हार्मोनियम उचलून त्याच्या हातात दिला. "आणि हा सरळ धर, भाता दबायला नको."

तिसरी मैत्रीण पुढे बसली आणि तो मागच्या सीटवर दोघी मैत्रिणींच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसला. माशिमांनी गाडी सुरू केली, आरशात एकदा मुलाकडे पाहिलं, आणि निघाल्या.